मुंबई–लंडन हवाई मार्ग

मुंबई–लंडन हवाई मार्ग : भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील मुंबई आणि ग्रेट ब्रिटनची राजधानी लंडन यांना जोडणारा आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग. दोन्ही शहरांच्या प्रमुख विमानतळांमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले किमान अंतर सु. ७,२०० किमी. आहे. मध्ये न थांबणाऱ्या विमानास मुंबईहून जाताना साधारणपणे साडेनऊ ते दहा तास लागतात; परतीच्या प्रवासास त्याहून पाऊण ते एक तास कमी पुरतो. शिडाच्या जहाजांच्या काळी याच प्रवासास चार ते सहा महिने लागत. अंतर तेच राहिले आणि विज्ञानाने काळ तेवढा आखडला, असे याबाबत सामान्यतः म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्रत्यक्ष कापावे लागणारे अंतर या मार्गावर कधीच स्थिर नव्हते, आणि लागणारा वेळही केवळ यंत्राच्या वेगावर ठरला नाही. कोणत्या भूमीवरून जाण्यास कोण मुभा देतो, यावर तो तितकाच अवलंबून राहिला आहे.

अंतर व त्याची रेषा : गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट ही त्या दोन बिंदूंमधून जाणाऱ्या महावृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, कंस असते. भिंतीवरील सपाट नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी ठेवली, तर रेघ इराणचे आखात, इराक व तुर्कस्तानवरून जाते आणि तीच जवळची वाट वाटते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास मात्र तो बराच उत्तरेकडे सरकलेला आढळतो. मुंबईहून वायव्येस निघालेला हा दोरा जवळजवळ बरोबर कराचीवरून जातो. पुढे पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचे नैर्ऋत्य टोक, कॉकेशस, काळ्या समुद्राचा ईशान्य किनारा, क्रिमियाचा उत्तर भाग आणि युक्रेन ओलांडून प्रागच्या थोडे उत्तरेकडून तो जर्मनीत व तेथून इंग्लंडकडे वळतो. भूमितीच्या दृष्टीने ही वाट निर्दोष आहे. राजकीय दृष्ट्या तिच्याइतकी अडचणीची वाट शोधूनही सापडणे कठीण. कारण सोव्हिएट संघाच्या काळी तिचा मोठा भाग त्या देशाच्या हद्दीत होता आणि १९४७ पासून तिची सुरुवातच पाकिस्तानात होते. त्यामुळे विमानांना प्रत्यक्षात सु. ७,२०० किमी.पेक्षा नेहमीच काही अधिक अंतर कापावे लागले आहे.

समुद्रमार्गाचा काळ : आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मुंबई–लंडन अंतर सु. १९,८०० किमी. भरते. या वाटेने जाणाऱ्या जहाजांना वाऱ्याच्या कृपेवर अवलंबून राहावे लागे आणि पत्राचे उत्तर वर्षभरात आले, तर ते लवकर आले असे समजत. राघोबादादा पेशव्यांनी पाठविलेले हणमंतराव व त्यांच्यासोबतचे दोन पारशी गृहस्थ १७८१ मध्ये इंग्लंडमध्ये होते. राघोबादादांचे भवितव्य मात्र मे १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने इकडेच ठरून गेले. साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांची बाजू कंपनीच्या संचालकांपुढे मांडण्यासाठी गेलेले रंगो बापूजी गुप्ते यांना लंडनमध्ये अनेक वर्षे काढावी लागली. ते तेथे असतानाच १८४७ मध्ये प्रतापसिंह काशी येथे निवर्तले आणि पाठोपाठ सातारचे राज्यही खालसा झाले. निर्णय घेणारा आणि ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा तो, यांच्यात एवढे अंतर असले म्हणजे विलंब हेच राज्यकर्त्याचे एक साधन होऊन बसते. रंगो बापूजींच्या कहाणीकडे या बाजूने पुरेसे पाहिले गेलेले नाही.

वाफेच्या शक्तीने पहिला मोठा फरक पडला. मुंबईच्या गोदीत नवरोजी जमशेटजी वाडिया यांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून महिन्याभरात सुएझला पोहोचली. त्यांपैकी बरेच दिवस वाटेत कोळसा भरण्यात गेले. सुएझपासून अलेक्झांड्रियापर्यंत खुष्कीने आणि पुढे भूमध्य समुद्रातून, अशी ही ‘खुष्कीची वाट’ टॉमस वॅगहॉर्न यांच्या खटपटीने रुळली व टपाल पाच-सहा आठवड्यांत पोहोचू लागले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाल्यावर सागरी अंतर सु. ११,६०० किमी.पर्यंत उतरले. पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, समुद्राखालील तारायंत्राने मुंबई व इंग्लंड जोडले गेले. बातमी आणि माणूस यांचा प्रवास तेथपासून वेगळा झाला. मुंबईतील मृत्यूची तार लंडनला त्याच दिवशी पोहोचू शके, पण मुलाला घरी परतण्यास तीन आठवडे लागत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा काळ दोन आठवड्यांवर आला. महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले आणि मार्सेला उतरून फ्रान्समार्गे १२ सप्टेंबर रोजी लंडनला पोहोचले. लंडनमधील महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले, त्या वेळी तेथील मराठी माणसाच्या दृष्टीने घर हे चौदा दिवसांवर होते.

कराचीचे पर्व : इंग्लंडहून विमानाने भारतात येण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न हँडली पेज बनावटीच्या चार एंजिनांच्या लष्करी विमानाने केला. ते डिसेंबर १९१८ मध्ये निघून १५ जानेवारी १९१९ रोजी कराचीस पोहोचले. म्हणजे त्याला बोटीहूनही अधिक दिवस लागले. चार महिन्यांनी, तिसऱ्या अफगाण युद्धात, याच विमानाने काबूलवर बाँब टाकले. भारताच्या हवाई मार्गाची उभारणी प्रवाशांच्या सोयीसाठी झाली, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश वायुसेनेने कैरो–बगदाद टपालमार्ग चालविला, त्यासाठी वैमानिकांना वाट चुकू नये म्हणून वाळवंटात मैलोगणती नांगराचे तास काढले होते. त्या तासांवरून नजर न ढळू देता विमान हाकीत जावयाचे, ही त्या काळची मार्गदर्शनपद्धती.

हा मार्ग भारतापर्यंत वाढविण्याची तयारी १९२७ च्या आरंभी पूर्ण झाली होती आणि कैरो–बसरा सेवा सुरूही झाली होती. पण इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्यास परवानगी दिली नाही. विमाने तयार, वैमानिक तयार, वाट मात्र बंद, अशा स्थितीत दोन वर्षे गेली. अखेर इंपीरियल एअरवेज या कंपनीचे पहिले विमान ३० मार्च १९२९ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाले. या प्रवासाचे स्वरूप आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. लंडनहून बाझेलपर्यंत विमान. बाझेल ते जेनोआ रात्रीची आगगाडी, कारण आल्प्स ओलांडणे त्या विमानांना झेपणारे नव्हते व परवानग्यांचा प्रश्नही होताच. जेनोआपासून रोम, नेपल्स, कॉर्फू, अथेन्स, क्रीट, टोब्रुक असे टप्पे घेत अलेक्झांड्रियापर्यंत सागरी विमान. तेथून पुन्हा जमिनीवरचे विमान गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगेह, जास्क, ग्वादर अशा मजला मारीत कराचीस येई. रात्री उड्डाण नसे. रुतबा येथे तर भर वाळवंटातील किल्ल्यात उतारूंच्या मुक्कामाची सोय केलेली होती. सात दिवस लागत व भाडे १३० पौंड पडे.

ही वाटही टिकली नाही. वर्ष संपण्यापूर्वीच इटलीशी बिनसल्यामुळे मार्ग मध्य यूरोप व सलोनिकावरून वळवावा लागला. इराणने दिलेली मुभा मुदतीची होती; ती संपताच ऑक्टोबर १९३२ मध्ये विमाने आखाताच्या अरबी किनाऱ्याने, बहारीन व शारजावरून, जाऊ लागली. शारजाच्या शेखाशी करार करून तेथे उतारूंसाठी तटबंदीचे विश्रामगृह बांधण्यात आले. आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरील आजच्या गजबजलेल्या विमानतळांचा आरंभ असा इराणच्या नकारात आहे.

या साऱ्या काळात मुंबई मुख्य मार्गावर नव्हती. कराची हेच भारताचे हवाई प्रवेशद्वार होते आणि मुंबईची पत्रे तेथून आगगाडीने येत. ही उणीव भरून काढली ती जे. आर. डी. टाटा व त्यांचे इंग्रज सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. टाटांना या मार्गाची ओळख आधीच होती. एकट्याने भारत–इंग्लंड प्रवास करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी लावलेल्या पारितोषिकासाठी ते १९३० मध्ये कराचीहून निघाले होते आणि उलट दिशेने येणारा तरुण प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर यांची इजिप्तमध्ये गाठ पडली असता त्यांना विमानाचे ठिणगी-प्लग देऊन पुढे गेले होते. पारितोषिक इंजिनिअर यांनी जिंकले. ते पुढे भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा ‘पस मॉथ’ या छोट्या विमानातून इंपीरियल एअरवेजने आणलेले टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला इंधन घेतले (ते बैलगाडीतून आणण्यात आले होते) आणि दुपारी जुहूच्या धावपट्टीवर उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. सरकारी अर्थसाह्याशिवाय सुरू झालेली ही सेवा म्हणजे लंडनच्या हवाई मार्गाची मुंबईपर्यंत आलेली पहिली फांदी होय. जुहूचे मैदान खाडीलगतच्या चिखलाचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि चार महिने टाटांचा तळ पुण्यास हलवावा लागे.

१९३७–३८ मध्ये साम्राज्यांतर्गत टपाल विमानानेच नेण्याची योजना अंमलात आली व मोठी सागरी विमाने धावू लागली. लंडन–कराची प्रवास सु. तीन दिवसांवर आला. तोच दुसरे महायुद्ध उद्‌भवले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच भूमध्य समुद्रावरील वाट बंद झाली आणि ब्रिटनचे टपाल बोटीने आफ्रिकेच्या दक्षिणेकडे दरबानपर्यंत जाऊन तेथून विमानाने कैरो, कराचीकडे येऊ लागले. म्हणजे विमानयुगात पत्राने पुन्हा वास्को द गामाची वाट धरली.

मुंबईचे प्रवेशद्वार : १९४७ च्या फाळणीने कराची परदेशात गेली व भारताचे पश्चिमेकडील हवाई प्रवेशद्वार मुंबईकडे आले. सांताक्रूझ येथील लष्करी तळ मुलकी वाहतुकीस खुला झाला. लंडनच्या बाजूसही क्रॉयडनची जागा १९४६ मध्ये हीथ्रोने घेतली होती. ८ मार्च १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली. तिच्या भांडवलात भारत सरकारचा वाटा ४९ टक्के होता. ८ जून १९४८ रोजी तिचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टलेशन विमान पस्तीस उतारूंसह मुंबईहून लंडनला निघाले, जे. आर. डी. टाटा त्यांत होते. कैरो व जिनीव्हा हे दोनच थांबे आणि एकूण अंतर सु. ८,००० किमी. म्हणजे किमान अंतराहून सु. ८०० किमी. अधिक, तरीही थांबे धरून सु. एका दिवसाचे काम. स्वतंत्र भारताच्या ध्वजाखाली यूरोपला जाणारी ही पहिली नियमित हवाई सेवा होती. आठवड्यातून एकच फेरी असे. सोळा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या मार्गाला जोडलेली फांदी आता स्वतःच मूळ मार्ग झाली.

माँ ब्लांचे अपघात : कैरोहून जिनीव्हाकडे येणारी वाट आल्प्सवरून जाते. जिनीव्हाच्या आग्नेयीस सु. ७० किमी.वर माँ ब्लां हे ४,८०७ मी. उंचीचे शिखर आहे. म्हणजे विमान उतरण्यासाठी खाली येऊ लागावे, नेमक्या त्याच टापूत तो पर्वत उभा आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हेच विमान खराब हवेत वाट सोडून शिखराखालील कड्यावर आदळले व त्यातील ४८ जण मृत्युमुखी पडले. उतारूंत बहुसंख्य भारतीय खलाशी होते. न्यूकॅसल येथे आपल्या जहाजावर रुजू होण्यासाठी ते निघाले होते. बोटीचे कामगार बोटीपर्यंत विमानाने पोहोचविणे आता परवडू लागले होते, हा त्यातला आर्थिक तपशील नोंदण्याजोगा आहे. शोधासाठी वर चढलेल्या फ्रेंच पथकाचे प्रमुख रने पेयो हेही त्या प्रयत्नात प्राणास मुकले.

सु. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचे ‘कांचनजंघा’ हे बोइंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली, बेरूत व जिनीव्हामार्गे लंडनला जात असता जवळजवळ त्याच जागी आदळले. ११७ जणांचा अंत झाला. व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या बैठकीसाठी निघालेले डॉ. होमी भाभा त्यांत होते. घातपाताचे तर्क त्या वेळेपासून केले जातात. त्यांना पुरावा मिळालेला नाही. फ्रेंच चौकशीतून निघालेले कारण साधे व म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे आहे. विमानातील दिशादर्शक रेडिओसंचांपैकी एक नादुरुस्त होता. माँ ब्लां अद्याप पुढे आहे, ही जमिनीवरील नियंत्रकाने दिलेली दुरुस्ती वैमानिकाच्या ध्यानी नीट आली नाही. शिखर मागे पडले अशा समजुतीने त्याने विमान खाली आणण्यास आरंभ केला. अवघ्या आठ किमी.च्या आसपासची ही गफलत. या विमानाचे अवशेष बोसाँ हिमनदीने तसूतसूने खाली आणले. २०१२ मध्ये भारतीय परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी सापडली. २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या पंतप्रधानपदी निवडीची वार्ता छापलेली भारतीय वृत्तपत्रे बर्फातून वर आली. त्यांचा शपथविधी अपघाताच्याच दिवशी झाला होता.

जेट विमाने : ब्रिटिश बनावटीच्या ‘कॉमेट’ या पहिल्या प्रवासी जेट विमानाची लंडन–कोलंबो सेवा १९५२ मध्ये मुंबईमार्गे सुरू झाली होती, परंतु धातूच्या थकव्यामुळे ही विमाने हवेत दुभंगू लागल्याने १९५४ मध्ये ती बंद पडली. खरा पालट झाला तो बोइंग ७०७ ने. एअर इंडियाने हे विमान फेब्रुवारी १९६० मध्ये ताफ्यात घेतले व एप्रिलमध्ये लंडन मार्गावर आणले. ताशी सु. ९०० किमी. वेगामुळे कॉन्स्टलेशनला लागणारा वेळ निम्म्याहून कमी झाला. जून १९६२ मध्ये या कंपनीचा संपूर्ण ताफा जेट विमानांचा बनला. त्याच्या पुढच्याच महिन्यात, १ जुलै १९६२ रोजी, राष्ट्रकुलातील नागरिकांच्या ब्रिटनमधील मुक्त प्रवेशास आळा घालणारा कायदा तेथे अंमलात आला. दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध जोडता येणार नाही. पण लंडन अर्ध्या दिवसावर आले, त्याच वेळी तेथे उतरण्याची परवानगी दुष्कर झाली, हे खरे. बोटीने चौदा दिवसांनी पोहोचणाऱ्या माणसास जे कागदपत्र लागत नसत, ते विमानाने जाणाऱ्यास जमवावे लागू लागले.

१९७१ मध्ये बोइंग ७४७ ही प्रचंड विमाने आली. त्यांच्या पल्ल्यामुळे मधला थांबा अनिवार्य राहिला नाही आणि उतारूंची संख्या वाढून भाडे मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागले. वेग मात्र वाढला नाही. तो त्यानंतरही वाढलेला नाही. ध्वनीच्या वेगाजवळ जाताच हवेचा रोध एकाएकी वाढतो व इंधनाचा खर्च परवडेनासा होतो; म्हणून १९६० च्या बोइंग ७०७ ने मुंबईहून लंडनकडे ज्या वेगाने उड्डाण केले, साधारण त्याच वेगाने आजचे बोइंग ७८७ ही करते. सुधारणा झाली ती इंधनाच्या बचतीत, सुरक्षिततेत आणि आवाज कमी करण्यात. ध्वनीहून दुप्पट वेगाच्या ‘कॉन्कॉर्ड’ विमानांपैकी दोन घेण्याचा हक्क एअर इंडियाने राखून ठेवला होता, पुढे तो सोडून दिला. हे विमान २१ जानेवारी १९७६ पासून लंडन–बहारीन मार्गावर काही वर्षे धावले. पण भूमीवरून जाताना होणाऱ्या आघातध्वनीमुळे यूरोपवर त्यास वेग आवरावा लागे. मुंबईसारख्या, बहुतांश वाट जमिनीवरून असलेल्या शहराला त्याचा लाभ थोडाच झाला असता.

हवाई हद्द व वळसे : १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य प्रभुत्व असते. न उतरता वरून जाण्याची मुभा हे पहिले हवाई स्वातंत्र्य म्हणून ओळखले जाते, परंतु ते व्यवहारात संबंधित देशाच्या इच्छेवर टिकते. १९७१ मध्ये भारत व पाकिस्तान यांच्यातील परस्परांवरून होणारी उड्डाणे थांबली आणि ती १९७६ मध्ये पूर्ववत झाली. पुन्हा फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपली हद्द बंद ठेवली. २४ एप्रिल २०२५ रोजी ती भारतीय विमानांना पुनश्च बंद करण्यात आली व त्यानंतर ही बंदी वेळोवेळी वाढविण्यात आली. दिल्लीच्या मानाने मुंबईला याची तोशीस कमी लागते. कारण अरबी समुद्रावरून ओमानकडे वळणे हा मुंबईच्या विमानांपुढे नेहमीच उपलब्ध असलेला, फारसा लांब नसलेला पर्याय आहे. दूरचे टोक मात्र अधिक कठीण झाले आहे. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनवरील आकाश मुलकी विमानांना बंद झाले, त्यामुळे महावृत्ताचा एक मोठा तुकडाच वापरातून गेला. उरते ती इराण, इराक व तुर्कस्तान यांवरून जाणारी अरुंद वाट, म्हणजे थोड्याफार फरकाने १९२९ चीच वाट.

वारा व घड्याळ : जाण्या-येण्याच्या वेळेतील फरक मध्य कटिबंधात ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या झोतवाऱ्यांमुळे पडतो. ते हिवाळ्यात अधिक प्रबळ असतात. उतारूस जाणवणारा फरक मात्र घड्याळाचा. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या वेळेपुढे साडेपाच तास असते. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करीत असल्याने हे अंतर साडेचार तास होते. त्यामुळे सकाळी मुंबई सोडलेला प्रवासी दहा तास प्रवास करूनही त्याच दुपारी लंडनला उतरतो. परतताना मात्र रात्र गिळली जाते. मुंबईत याबाबत एक जादा घोळ दीर्घकाळ चालला. १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाली, तरी शहराने ग्रिनिचपुढे ४ तास ५१ मिनिटे असलेली आपली ‘बाँबे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. १९४८ मध्ये लंडनच्या विमानाची वेळ पाहणाऱ्या मुंबईकरास ती कोणत्या घड्याळाची, हे आधी विचारून घ्यावे लागे.

या मार्गावर एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज व व्हर्जिन अटलांटिक या कंपन्यांची मध्ये न थांबणारी विमाने धावतात. १३ जून २०२५ रोजी इझ्राएल व इराण यांच्यात युद्ध पेटून इराणवरील आकाश एकाएकी बंद झाले. त्या दिवशी पहाटे मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान सु. तीन तास हवेत काढून मुंबईलाच परत उतरले, आणि लंडनहून मुंबईकडे येणारे दुसरे विमान व्हिएन्नाकडे वळविण्यात आले.